‘मिटवून टाका’ हा सल्ला आता बंद करा : पुण्यातल्या व्यापारी संघटनांना खुलं पत्र

मा. पदाधिकारी,
पुण्यातल्या सर्व व्यापारी व लघुउद्योजक संघटना

सप्रेम नमस्कार.

नाना पेठेत आमचं दुचाकी-तीनचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली बारा वर्षं मी बघते. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः गॅरेजवाले, हडपसर-कात्रजपासून पार सासवडपर्यंतचे. माल उधारीवर जातो आणि वसुली दर आठवड्याला होते. ती वसुली आणि टॅली या संगणकावरच्या हिशेबातल्या नोंदी, दोन्ही कामं आमच्याकडे एकाच माणसाच्या हाती होती. त्याने दोन वर्षं आठ महिन्यांत आमचे १४ लाख ६० हजार रुपये नेले.

तो कधी रजा घ्यायचा नाही. या गोष्टीचं आम्हाला फार कौतुक होतं. गणपतीतसुद्धा अर्धा दिवस येऊन जायचा. जानेवारी २०२५ मध्ये त्याची आई पडली, कमरेचं हाड मोडलं आणि त्याला गावी जावं लागलं. चौथ्या दिवशी मी स्वतः उधारीचे फोन करायला बसले. पहिलाच गॅरेजवाला म्हणाला, “ताई, पैसे मागच्याच महिन्यात दिले की. पावती आहे माझ्याकडे.” दुसऱ्यानेही तेच सांगितलं. पाचव्या फोननंतर मी फोन बाजूला ठेवला आणि वडिलांना हे कसं सांगायचं, याचा विचार करत बसले.

पद्धत अगदी जुनी होती. आज कात्रजच्या गिऱ्हाइकाने दिलेली रोकड खिशात घालायची आणि त्याचं खातं बंद करायला उद्या हडपसरवाल्याचे पैसे वापरायचे. याची टोपी त्याच्या डोक्यावर. असं करणाऱ्याला रजा परवडत नाही, कारण तो एक दिवस जरी नसला तरी कोणाचं तरी डोकं उघडं पडतं. टोप्या कमी पडू लागल्या तेव्हा त्याने ‘माल परत’ दाखवून गिऱ्हाइकाची बाकी कमी करणाऱ्या खोट्या क्रेडिट नोटा काढल्या. त्यामुळे वहीत क्लच प्लेटचे २१२ सेट आणि खणात १३७, अशी गत झाली. काउंटरवर आमच्या क्यूआर कोडशेजारी त्याने स्वतःच्या खात्याचा एक कोडही चिकटवला होता. गर्दीच्या वेळी तो पुढे सरकवायचा.

हे पत्र मात्र त्याच्याविषयी नाही. त्या जानेवारीनंतरच्या साडेचार महिन्यांविषयी आणि तुमच्याविषयी आहे.

मी सर्वांत आधी गेले ती आपल्यातल्याच माणसांकडे. आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी मला चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मिटवून टाका. पोलिसांत गेलात तर वह्या जप्त होतील, बाजारात नाव जाईल. घरचा माणूस समजून हप्ते बांधून घ्या.” नंतर आणखी तिघांनी हेच सांगितलं. सगळे मला लहानपणापासून ओळखणारे. एकाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, म्हणून तर मी ऐकलं. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर त्याच्याकडून देणं मान्य असल्याचं लिहून घेतलं आणि एक-एक लाखाचे सहा चेक घेतले. दोन वटले. एप्रिलमध्ये तिसरा परत आला.

त्या साडेचार महिन्यांत त्याने शिरूरजवळची दोन गुंठे जागा विकली. ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत दावा लावला असता तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ प्रमाणे, निकाल लागण्याआधीच ती जागा जप्त करून ठेवण्याचा अर्ज करता आला असता. प्रतिवादी मालमत्ता विकून मोकळा होण्याच्या बेतात आहे, हे न्यायालयाला पटवावं लागतं आणि आमच्याकडे ते पटवण्यासारखं होतं. पण दावाच नव्हता. आम्ही मिटवत बसलो होतो.

चेकचंही तसंच. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, मग पंधरा दिवस वाट पाहायची आणि पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची तक्रार दाखल करायची. हे मला पस्तिसाव्या दिवशी कळलं. चेकची तीन महिन्यांची मुदत अजून संपली नव्हती, म्हणून निभावलं. वकिलांनी तो पुन्हा भरायला लावला, तो पुन्हा परत आला आणि त्यावर नोटीस गेली.

जूनमध्ये मी पोलीस चौकीत गेले. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “तो तुमच्याकडे नोकरीला होता, याचा कागद?” माझ्याकडे नेमणूकपत्र नव्हतं. आपल्यापैकी किती जणांकडे असेल? पगार निम्मा रोख, निम्मा खात्यात. पण अधिकारी चुकत नव्हते. नोकराने केलेला विश्वासघात सिद्ध करायचा तर आधी तो नोकर होता आणि पैसे किंवा माल आपण त्याच्या ताब्यात विश्वासाने दिला होता, हे दाखवावं लागतं. सगळा खटला त्यावर उभा राहतो. मी पगाराच्या बँकेतल्या नोंदी, दिवाळी बोनसची सही असलेली व्हाउचरं आणि ‘आज अमुक गॅरेजची वसुली घेऊन या’ असे माझे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप काढले. आणि गॅरेजवाल्यांनी आपापल्या फायलींतून त्याच्या सहीच्या ४१ पावत्या शोधून दिल्या. त्यातले नऊ जण दुकान बंद ठेवून जबाब द्यायला आले. त्यांचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही.

“हा दिवाणी मामला आहे,” हेही ऐकून झालं. तो पूर्ण दिवाणी नाही. १ जुलै २०२४ नंतरचा अपहार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४), त्याआधीचा असेल तर जुन्या दंडविधानाचं कलम ४०८. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटे हिशेब लिहिण्यासाठी वेगळं कलम ३४४ आहे. आमचा प्रकार दोन्ही काळांतला असल्याने दोन्ही कायदे लागले. चौकीत तक्रार घेतलीच नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी वरिष्ठांना अर्ज दिला आणि आठवड्याच्या आत गुन्हा नोंदला गेला. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तपासात त्याचं खातं गोठवलं गेलं तेव्हा त्यात १ लाख १२ हजार होते. जानेवारीत किती असतील?

वह्या जप्त होतील, ही भीती मात्र वाजवीपेक्षा खूप मोठी करून सांगितली जाते. आमची टॅलीची फाईल पोलिसांना पेन ड्राइव्हवर दिली, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडलं आणि दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. ते प्रमाणपत्र नसेल तर संगणकातल्या नोंदी पुरावा म्हणून टिकवणं अवघड होतं. कॅमेऱ्याचं चित्रण मात्र गेलं. आमच्या डीव्हीआरमध्ये पंधराच दिवसांचं राहतं. काउंटरवर तो कोड पुढे सरकवताना दिसला असता. पण जानेवारीतलं चित्रण आम्ही हप्ते ठरवत असतानाच पुसलं गेलं.

गुन्हा नोंदवला म्हणजे पैसे आले, असं समजू नये. हे मीही समजले होते. फौजदारी खटल्यात शिक्षेबरोबर भरपाईचा आदेश होऊ शकतो, पण त्याला वर्षं लागतात. म्हणून दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. त्याची मुदत तीन वर्षं. फसवणूक दडवून ठेवली असेल तर ती उघड झाल्यापासून हा काळ मोजतात, त्यामुळे जुन्या रकमाही बुडत नाहीत.

आता बँकेची गोष्ट. त्याने दोन चेकवर माझी खोटी सही केली होती, मिळून ८४ हजारांचे. बँकेतले साहेब म्हणाले, “तुम्ही स्टेटमेंट बघायला हवं होतं.” आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८७चा निकाल पुढे ठेवला, कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन. तिथेही हिशेबनिसानेच ४२ चेकवर खोट्या सह्या करून तीन लाखांवर रक्कम काढली होती. न्यायालयाने सांगितलं की खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे आणि खातेदाराने पासबुक तपासलं नाही एवढ्यावरून बँकेची जबाबदारी टळत नाही. तीन महिन्यांनी ८४ हजार खात्यात जमा झाले. मात्र कोकणात लग्नाला जाताना मी कोऱ्या सह्या करून ठेवलेले जे चेक त्याने वापरले, त्यांचा एक पैसा मिळाला नाही. ती सही माझीच होती.

कराचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. नोकराने केलेला अपहार हा धंद्यातला तोटा म्हणून वजा मिळतो. बद्रीदास डागा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच हे मान्य केलं होतं. त्यांच्या मुखत्याराने पेढीच्या बँक खात्यातून पैसे काढून स्वतःची देणी भागवली होती. पुढे २४ नोव्हेंबर १९६५च्या परिपत्रकाने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की अपहार ज्या वर्षी उघडकीला आला त्या वर्षी तो वजा घ्यावा. नंतर वसुली झाली की ती रक्कम उत्पन्नात दाखवायची. आमच्या सीएंनी हे केलं. पण त्यांना कागद लागले : एफआयआर, कोणत्या गिऱ्हाइकाचे किती याची यादी, दाव्याची प्रत. ‘मिटवलेल्या’ प्रकरणात यांतलं काहीच हाती नसतं आणि मग तोटाही आपला, करही आपलाच. जीएसटीत उलट झळ बसते. त्या खोट्या क्रेडिट नोटांमुळे आमचा कर कमी भरला गेला होता, तो व्याजासह भरावा लागला. शिवाय खणातून चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही, कायद्याने परत करावं लागतं. चोरी त्याची, भरणा आमचा. पण हे आपणहून भरलं नाही तर पुढे नोटीस येते.

विमा? आमच्या दुकानाच्या पॉलिसीत आग आणि घरफोडी होती. आपल्याच माणसाने केलेली चोरी त्यात नव्हती. तिच्यासाठी ‘फिडेलिटी गॅरंटी’ नावाचा वेगळा विमा असतो, हे मला सगळं संपल्यावर कळलं. तो असता तरी साडेचार महिने गप्प बसून दावा टिकला नसता. विमा कंपनी उघडकीला आल्याबरोबर लेखी सूचना मागते आणि पोलिसांतली तक्रारही मागते.

हिशेब सांगते. दोन चेकचे २ लाख, गोठवलेल्या खात्यातले न्यायालयाच्या आदेशाने मिळालेले १ लाख १२ हजार, बँकेचे ८४ हजार. दिवाणी दाव्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात लोकअदालतीत तडजोड झाली : सहा लाख, हप्त्याने, त्याच्या मेहुण्याची हमी. त्यातले दीड लाख आजवर आले. एकूण ५ लाख ४६ हजार. बाकी ९ लाख १४ हजारांपैकी साडेचार लाखांचे हप्ते यायचे आहेत. उरलेल्या रकमेवर मी पाणी सोडलं आहे.

म्हणजे मीही शेवटी तडजोडच केली. तडजोडीला माझा विरोध नाही. त्याच्या घरात म्हातारी आई आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. त्याला सात वर्षं आत बघून मला काय मिळणार? पण लोकअदालतीतली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि हप्ता चुकला तर थेट अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. विश्वासघाताचा गुन्हा मागे घ्यायलाही न्यायालयाची परवानगी लागते. शेवटचा हप्ता आल्याशिवाय मी संमती देणार नाही, हे तिथे बोलून झालं आहे. चहाच्या टेबलावरच्या ‘मिटवून टाका’त यातलं काय असतं?

आणि आता सर्वांत जड गोष्ट. गुन्हा नोंदल्यावर महिन्याभराने मला रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यांचा फोन आला. हा माणूस माझ्याकडे २०१९ मध्ये लागला तो त्यांच्या दुकानातून. तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, “माणूस चांगला आहे, घर लांब पडतं म्हणून सोडलं.” आता फोनवर त्यांना बोलणं जमत नव्हतं. त्यांचे साडेतीन लाख गेले होते. त्यांनाही चार वडीलधाऱ्यांनी मिटवून टाकायला सांगितलं होतं. “बदनामी नको, त्याचंही घर चालतं,” असं वाटून ते गप्प राहिले. मी त्यांच्यावर रागावले नाही. मीही तेच करायला निघाले होते. त्याने मधल्या काळात दुसरीकडे नोकरी मागितली असती आणि तिथून मला फोन आला असता, तर एप्रिलपर्यंत मीसुद्धा ‘चांगला आहे’ असंच म्हटलं असतं, कारण माझे हप्ते त्याच्या पगारातून यायचे होते.

खरं सांगितलं तर तोच आपल्यावर बदनामीचा दावा लावेल, अशी धास्ती अनेकांना असते. जो माणूस त्याला कामावर ठेवणार आहे आणि म्हणून विचारतो आहे, त्याला त्याच्या हितासाठी, सद्हेतूने खरी गोष्ट सांगणं ही बदनामी नाही. कायद्यात तसा अपवाद आहे. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून ‘चोर’ लिहिणं ही वेगळी गोष्ट, ती कोणी करू नये. कोंडून ठेवणं, मारहाण, धमकावून कबुली लिहून घेणं तर मुळीच नाही. अशी कबुली न्यायालयात टिकत नाही आणि गुन्हा उलट आपल्यावर नोंदतो. आमच्या दुकानात खणांवर चढून माल काढणारा एक मुलगा आहे. जानेवारीत सगळं उघड होण्याआधी स्टॉक कमी दिसला, तेव्हा मी त्याची पिशवी तपासली होती. तो काही बोलला नाही, पण तीन दिवस त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याची माफी मागितली. नुकसानाच्या यादीत हेही मी धरते.

पदाधिकारी हो, तुमची ताकद मला माहीत आहे. २०१३ मध्ये एलबीटीच्या, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या विरोधात तुम्ही दुकानं बंद ठेवायला सांगितलंत, आम्ही ठेवली. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. जे सरकारशी भांडू शकतात, त्यांना एवढं नक्की जमेल.

प्रत्येक संघटनेने एक वकील आणि एक सीए नेमून ठेवावा, ज्यांना अपहार कळल्याच्या दिवशीच फोन करता येईल. पहिले पंधरा दिवस हाताशी कोणीतरी जाणकार हवा : टॅलीचा बॅकअप आणि कॅमेऱ्याचं चित्रण लगेच काढून ठेवायला, बँकेचे अधिकार आणि पासवर्ड बदलायला, गिऱ्हाइकांकडून येणं-बाकीचं पत्र घ्यायला, तक्रार नीट लिहायला. सभासदांच्या वतीने फिडेलिटी गॅरंटीचा सामूहिक विमा घेता येईल का, ते विमा कंपन्यांना विचारा. एकट्या दुकानदाराला कोणी दारात उभं करत नाही, तीनशे दुकानं एकत्र आली तर करतील. नेमणूकपत्राचा एक साधा मराठी नमुना छापून वाटा, एका पानाचा, ज्यात वसुली करणं आणि रोकड सांभाळणं ही कामं स्पष्ट लिहिलेली असतील. आणि नोकरीसाठी चौकशीचा फोन आला तर खरं सांगायचं, असा ठराव करा. हा शेवटचा ठराव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला पैसाही लागत नाही.

तुमच्यापैकी ज्या कोणाची पुढची सभा आधी असेल, तिथे हा विषय घ्यावा. मी येईन. एफआयआर, पावत्या, वकिलांची पत्रं, सीएंचं टिपण, सगळी फाईल घेऊन येईन आणि ज्याला हवी त्याला तिथेच झेरॉक्स काढून देईन. रविवार पेठेतले ते व्यापारीही येतो म्हणाले आहेत. तारीख तेवढी कळवा.

आपली नम्र,
नाना पेठेतली एक दुकानदार